लिंकर व द्विरुक्त चिन्हे

लिंकर : (जोडक). संगणकीय आज्ञावलीचे स्वतंत्रपणे भाषांतरित झालेले भाग एकत्र जोडून त्यांपासून प्रत्यक्ष चालविता येईल अशी अखंड आज्ञावली तयार करणाऱ्या साधनास लिंकर म्हणतात. मोठी आज्ञावली एकाच फाइलीत लिहिली जात नाही. ती शेकडो, प्रसंगी हजारो फाइलींत विभागलेली असते. कंपायलर प्रत्येक फाइलीचे यंत्रभाषेत भाषांतर करतो, तेव्हा अन्य फाइलीतील फलन अथवा चलपद स्मृतीत कोठे असेल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो त्या जागी पत्ता न लिहिता केवळ नाव नोंदवून ठेवतो. अशा नावास चिन्ह म्हणतात. ज्या फाइलीत त्या नावाचे फलन वा चलपद प्रत्यक्ष असते तेथे त्या चिन्हाची ‘व्याख्या’ आहे असे म्हणतात. जेथे त्याचा केवळ उपयोग केलेला असतो तेथे त्याचा ‘उल्लेख’ असतो. प्रत्येक उल्लेखाची कोणत्या तरी एका व्याख्येशी गाठ घालून देणे हे लिंकरचे मुख्य कार्य होय.

उल्लेख आहे परंतु व्याख्या कोठेच नाही, अशी स्थिती असल्यास लिंकर दोष दाखवून थांबतो. त्यात संदिग्धता नाही. एकाच चिन्हाच्या दोन व्याख्या आढळल्या तर काय करावयाचे, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. स्थिर जोडणीत याचे उत्तर सामान्यतः ‘दोष’ असे आहे. शेअर्ड लायब्ररींच्या बाबतीत, विशेषतः युनिक्स व लिनक्स या प्रणालींवर, ते ‘जी आधी सापडेल ती’ असे आहे आणि हे उत्तर लिंकर कोणतीही सूचना न देता अमलात आणतो. या मौनामुळे होणारे दोष शोधण्यास अत्यंत कठीण असतात. ते का घडतात हे समजण्यासाठी प्रथम स्थिर जोडणीचे नियम पाहणे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका : उपकार्यांचे पत्ते बदलून ती मुख्य आज्ञावलीस जोडण्याची कल्पना जॉन मॉकली यांनी १९४७ मध्ये मांडली होती. पुढे फोर्ट्रान भाषेत वेगवेगळ्या उपकार्यांना एकच स्मृतिक्षेत्र वापरता यावे म्हणून ‘कॉमन’ या विधानाची सोय करण्यात आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० या संगणकावर ज्यांनी फोर्ट्रानमध्ये गणिते केली, त्यांच्या पिढीला हे विधान चांगले परिचित होते. येथे एकाच नावाची अनेक स्मृतिक्षेत्रे घोषित होणे हा दोष नसून अपेक्षित व्यवहार होता. ती सर्व एकत्र करून त्यांपैकी सर्वांत मोठ्या क्षेत्राइतकी जागा राखून ठेवावयाची, असा नियम होता. द्विरुक्ती ही नेहमीच चूक नसते ही समजूत लिंकरच्या घडणीत अशा प्रकारे प्रारंभीच रुजली. सी भाषेच्या कंपायलरांनीही आरंभीचे मूल्य न दिलेल्या सार्वत्रिक चलपदांसाठी हीच पद्धत दीर्घकाळ चालविली. जीसीसी या कंपायलरने ती १० व्या आवृत्तीपासून (२०२०) मूलतः बंद केली, तेव्हा वर्षानुवर्षे निर्वेधपणे जोडल्या जाणाऱ्या अनेक जुन्या आज्ञावली एकाएकी दोष दाखवू लागल्या. दोष जुनेच होते, ते तोवर झाकलेले होते इतकेच.

स्थिर जोडणी : आधुनिक वस्तुफाइलीत चिन्हे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. स्थानिक चिन्ह त्याच फाइलीपुरते मर्यादित असते. दोन फाइलींत एकाच नावाची स्थानिक चिन्हे असली तरी त्यांचा परस्परांशी संबंध येत नाही. सार्वत्रिक चिन्हांत प्रबल व दुर्बल असा भेद असतो. दोन प्रबल व्याख्या समोरासमोर आल्यास लिंकर द्विरुक्तीचा दोष दाखवितो. एक प्रबल व एक दुर्बल असल्यास प्रबल व्याख्या स्वीकारली जाते. दोन्ही दुर्बल असल्यास पहिली.

यात लायब्ररी आली की थोडा फरक पडतो. स्थिर लायब्ररी म्हणजे अनेक वस्तुफाइलींचा गठ्ठा होय. लिंकर हा गठ्ठा सरसकट उचलीत नाही; ज्या चिन्हाची व्याख्या अद्याप मिळालेली नाही ते पुरविणारी फाइल तेवढीच बाहेर काढतो. त्यामुळे वापरकर्त्याने एखाद्या फलनाची, उदा., स्मृती वाटून देणाऱ्या ‘मॅलॉक’ची, आपली स्वतःची व्याख्या लिहिली असेल, तर लायब्ररीतील त्या नावाच्या फाइलीकडे लिंकर वळतच नाही. दोन व्याख्या अस्तित्वात असूनही संघर्ष होत नाही. ही सोय प्रोग्रॅमर मंडळींच्या इतकी अंगवळणी पडली होती की, शेअर्ड लायब्ररीची रचना करताना ती जपणे भाग पडले. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

शेअर्ड लायब्ररी : स्थिर जोडणीत लायब्ररीचा आवश्यक भाग प्रत्येक आज्ञावलीत उतरविला जातो. शंभर आज्ञावली एकच फलन वापरीत असतील, तर चकतीवर व स्मृतीत त्याच्या शंभर प्रती होतात. शेअर्ड लायब्ररीची एकच प्रत स्मृतीत राहते व ती सर्व आज्ञावलींना पुरते. या पद्धतीत जोडणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात लिंकर कोणत्या लायब्ररींची गरज आहे त्यांची यादी व व्याख्या न मिळालेल्या चिन्हांची नावे आज्ञावलीत नोंदवितो. दुसऱ्या टप्प्यात, आज्ञावली सुरू होते त्या वेळी, गतिक लिंकर त्या लायब्ररी स्मृतीत आणून चिन्हांचे पत्ते भरतो. सन कंपनीच्या सनओएस ४ या प्रणालीत (१९८८) ही पद्धत रूढ झाली. त्यानंतर युनिक्स सिस्टिम ५ च्या चौथ्या प्रकाशनासाठी सिद्ध झालेल्या ईएलएफ या फाइलरचनेने ती स्थिरावली. लिनक्सने १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास हीच रचना स्वीकारली.

ईएलएफ रचनेत एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. लायब्ररींची यादी आणि चिन्हांची यादी या दोन याद्या परस्परांपासून स्वतंत्र असतात. अमुक चिन्ह अमुक लायब्ररीतून घ्यावयाचे, असे कोठेही लिहिलेले नसते. गतिक लिंकर प्रत्येक चिन्हासाठी ठराविक क्रमाने शोध घेतो : प्रथम मुख्य आज्ञावली, नंतर वापरकर्त्याने आगाऊ भरावयास सांगितलेल्या लायब्ररी, नंतर मुख्य आज्ञावलीने मागितलेल्या लायब्ररी त्यांच्या यादीच्या क्रमाने, त्यानंतर त्या लायब्ररींनी मागितलेल्या लायब्ररी. जी व्याख्या पहिल्याने सापडेल ती स्वीकारून शोध थांबतो. पुढे आणखी व्याख्या आहेत काय, हे पाहिलेही जात नाही. प्रबल व दुर्बल हा भेददेखील या टप्प्यावर गळून पडतो; लिनक्सवरील जीलिबसी या लायब्ररीच्या २.२ या आवृत्तीपासून गतिक लिंकर दुर्बल व्याख्या पहिल्याने सापडली तरी तीच घेतो. स्थिर जोडणीचे नियम पाठ असलेला प्रोग्रॅमर येथे हमखास फसतो. आपल्याकडील अभ्यासक्रमांत स्थिर जोडणी सविस्तर व गतिक जोडणी ओझरती शिकविली जाते, हेही याचे एक कारण म्हणता येईल.

समजा, एका पतसंस्थेच्या हिशेबाच्या आज्ञावलीत ठेवींसाठी एक व कर्जांसाठी दुसरी अशा दोन शेअर्ड लायब्ररी आहेत. त्या वेगवेगळ्या व्यक्तींनी लिहिल्या असून दोघांनीही आपापल्या अंतर्गत उपयोगासाठी ‘व्याज’ या नावाचे एक फलन लिहिले आहे. ठेवींच्या लायब्ररीतील फलन चक्रवाढ व्याज काढते, कर्जांच्या लायब्ररीतील फलन घटत्या शिलकेवर. मुख्य आज्ञावली ‘व्याज’ हे फलन स्वतः कधीच बोलावीत नाही. तरीही आज्ञावली चालू होताच दोन्ही लायब्ररींमधील ‘व्याज’चे सर्व उल्लेख, यादीत आधी असलेल्या ठेवींच्या लायब्ररीतील फलनाशी बांधले जातात. कर्जांच्या लायब्ररीचे स्वतःचे फलन तिच्या पोटात असूनही ती दुसरीचेच वापरते. जोडणी निर्दोष होते, आज्ञावली चालते, आकडेही येतात. फक्त कर्जाचे व्याज ठेवीच्या नियमाने निघते. कोणी सहज लायब्ररींचा क्रम बदलला, तर कर्जाचा हिशेब बरोबर येऊन ठेवींचा चुकू लागतो. काही कंपायलर त्याच फाइलीतील लहान फलनाचा मजकूर बोलावण्याच्या जागी थेट उतरवितात. मग एकाच लायब्ररीतील काही ठिकाणी योग्य व काही ठिकाणी अयोग्य फलन चालते. असा दोष उगमसंहिता कितीही वेळा वाचली तरी सापडत नाही, कारण दोन्ही उगमसंहिता आपापल्या जागी बरोबरच असतात.

लिंकर फक्त नाव जुळवितो. नावामागील वस्तू जुळते की नाही, हे तो पाहत नाही. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी जंक्शनचा पूर्वेतिहास या संदर्भात आठवतो. मुंबई–सोलापूर हा १,६७६ मिमी. रुंदीचा लोहमार्ग व १८९७ मध्ये सुरू झालेला बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमी. रुंदीचा मार्ग या एकाच स्थानकात एकत्र येत. नकाशावर दोन्ही रेषा एकाच नावाच्या बिंदूला मिळत. पण एका मार्गावरील वाघीण दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे व उतारूंनाही गाडी बदलावी लागे. ही अडचण डोळ्यांना दिसणारी असल्याने निदान अपघात होत नसे. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी बार्शी मार्गाचे रुंद मापात परिवर्तन झाले. लिंकरच्या बाबतीत रुळांचे माप तपासणारे कोणी नसते. एका लायब्ररीत ‘गणक’ हे चार बाइटांचे चलपद व दुसऱ्या लायब्ररीत त्याच नावाचे चारशे बाइटांचे कोष्टक असेल, तरी दोन्ही उल्लेख एकाच पत्त्याशी बांधले जातात आणि कोष्टकात लिहिताना शेजारची स्मृती बिघडते. (याउलट, एकाच पत्त्याला दोन नावे असणे निरुपद्रवी असते. कुर्डुवाडी स्थानकास पूर्वी बार्शी रोड म्हणत. लिंकरही एकाच फलनाला अशी पर्यायी नावे देऊ शकतो.)

आणखी एक प्रकार व्यवहारात वारंवार आढळतो. एकच स्थिर लायब्ररी मुख्य आज्ञावलीत व तिने वापरलेल्या शेअर्ड लायब्ररीतही जोडली जाते. त्या स्थिर लायब्ररीत सी++ भाषेतील एखादी सार्वत्रिक वस्तू असली व दोन्ही ठिकाणांहून ती बाहेर दृश्य असली, तर वस्तूच्या दोन प्रती असूनही दोन्हींचे उल्लेख एकाच प्रतीकडे वळतात. परंतु ती वस्तू उभारण्याची व मोडण्याची आज्ञा मात्र दोन्ही ठिकाणी नोंदलेली असते. परिणामी एकच वस्तू दोनदा उभारली जाते आणि आज्ञावली संपताना दोनदा मोडली जाते. तीच स्मृती दुसऱ्यांदा मोकळी करण्याच्या प्रयत्नात आज्ञावली कोसळते. काम पूर्ण होऊन शेवटच्या क्षणी होणाऱ्या अशा अपघाताकडे पुष्कळदा दुर्लक्ष केले जाते, ते योग्य नव्हे. आरंभीच्या दुहेरी उभारणीत आधी साठविलेली माहिती पुसली गेलेली असू शकते.

हेतुपुरस्सर द्विरुक्ती : हे सर्व असूनही ‘पहिली व्याख्या प्रमाण’ हा नियम निष्काळजीपणाने ठेवलेला नाही. वर सांगितलेली ‘मॅलॉक’ बदलण्याची सोय शेअर्ड लायब्ररीतही टिकावी हा त्यामागील उद्देश होता. त्यामुळेच मुख्य आज्ञावलीत अथवा आगाऊ भरलेल्या लायब्ररीत त्या नावाचे फलन ठेवले की, संपूर्ण प्रक्रियेतील सर्व लायब्ररी तेच वापरू लागतात. जेमॅलॉकसारख्या पर्यायी स्मृतिव्यवस्था, स्मृतीतील गळती शोधणारी साधने, फाइलींच्या वापराची नोंद ठेवणारी साधने ही सर्व याच आधारावर उभी आहेत. आज्ञावलीची उगमसंहिता हाताशी नसतानाही तिचे वर्तन बदलता येते. विशेष अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलींत हा मार्ग दुष्ट हेतूने वापरला जाऊ नये म्हणून तेथे गतिक लिंकर आगाऊ भरण्याच्या सूचनेवर कडक निर्बंध घालतो.

सी++ भाषेत तर द्विरुक्ती अपरिहार्यच आहे. साचे व अंतर्लिखित फलने यांची व्याख्या शीर्षफाइलीत असल्याने ती वापरणाऱ्या प्रत्येक वस्तुफाइलीत त्यांची प्रत निर्माण होते. अशा प्रती एका विशेष गटात ठेवल्या जातात व लिंकर त्यांतील एक ठेवून इतर टाकून देतो. मात्र दोन शेअर्ड लायब्ररी वेगवेगळ्या जोडल्या गेल्या असल्यास प्रत्येकीत एक प्रत उरते आणि ती एकरूप होण्याचे काम गतिक लिंकरवर पडते. अशा फलनातील स्थायी चलपद संपूर्ण प्रक्रियेत एकच असावे अशी भाषेची अपेक्षा असल्याने, येथे ‘पहिली व्याख्या सर्वांना’ हा नियमच उपकारक ठरतो. म्हणजे जो नियम पतसंस्थेच्या उदाहरणात घातक ठरला, तोच येथे मोडला तर दोष उत्पन्न होतो. द्विरुक्तीवर सरसकट बंदी घालता येत नाही, ती यामुळेच.

एकाच लायब्ररीत एकाच नावाच्या दोन व्याख्या जाणूनबुजून ठेवण्याचीही पद्धत आहे. तिच्यात चिन्हाच्या नावास आवृत्तीचे नाव जोडतात. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरविणारे ‘मेमकॉपी’ हे फलन याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मूळ व उतरविण्याची जागा परस्परांवर पसरलेल्या असतील तर या फलनाच्या वर्तनाची हमी नसते. तरीही अनेक आज्ञावली ते तसे वापरीत असत आणि बिनबोभाट चालत असत. २०१० मध्ये जीलिबसीत या फलनाची अधिक वेगवान रचना करण्यात आली, तेव्हा लिनक्सवर फ्लॅश प्लेयरचा आवाज बिघडू लागला. त्यावर २.१४ या आवृत्तीत (२०११) नव्या आज्ञावलींसाठी नवे व जुन्या आज्ञावलींसाठी जुन्या सहनशील वर्तनाचे, अशी ‘मेमकॉपी’ची दोन चिन्हे ठेवण्यात आली. जुनी आज्ञावली कोणत्या आवृत्तीशी जोडली गेली होती हे तिच्यातच नोंदलेले असल्याने गतिक लिंकरला निवड करता येते.

अन्य प्रणाली : विंडोज प्रणालीत प्रत्येक आयात चिन्हासोबत ते पुरविणाऱ्या लायब्ररीचे नाव नोंदविलेले असते. मॅक ओएस एक्सनेही १०.१ या आवृत्तीपासून (२००१) अशी द्विस्तरीय नामपद्धती स्वीकारली. या पद्धतीत पतसंस्थेच्या उदाहरणातील घोटाळा उद्भवत नाही. परंतु तिचीही किंमत आहे. विंडोजवर दोन लायब्ररी सी भाषेच्या आधारभूत लायब्ररीच्या दोन वेगळ्या प्रती वापरीत असतील, तर एकीने वाटून दिलेली स्मृती दुसरीने मोकळी करणे धोक्याचे ठरते, कारण दोघींचे हिशेब स्वतंत्र असतात. ईएलएफमध्ये हा प्रसंग सहसा येत नाही.

प्रतिबंध व निदान : सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे लायब्ररीने जे बाहेर देऊ केलेले नाही ते बाहेर दिसूच न देणे. एका फाइलीपुरते फलन असल्यास ते सी भाषेतील ‘स्टॅटिक’ या शब्दाने स्थानिक करावे. लायब्ररीतील अनेक फाइलींना लागणारे परंतु बाहेर नको असलेले फलन ‘गुप्त’ म्हणून घोषित करता येते. जीसीसीच्या चौथ्या आवृत्तीपासून (२००५) सर्व चिन्हे मूलतः गुप्त ठेवून निवडक तेवढी दृश्य करण्याची सोय आहे. लिंकरला दृश्य चिन्हांची यादी वेगळ्या फाइलीत देण्याचाही मार्ग आहे. दुसऱ्याची स्थिर लायब्ररी आपल्या शेअर्ड लायब्ररीत सामावून घेताना तिची चिन्हे झाकणे विशेष महत्त्वाचे असते. माहितीचे संकोचन करणारी झेडलिब ही लायब्ररी असंख्य आज्ञावलींत अशी उतरविलेली असते. तिची चिन्हे उघडी राहिली, तर एकाच प्रक्रियेत तिच्या दोन आवृत्त्यांची सरमिसळ होऊ शकते. दृश्य फलनांच्या नावांना लायब्ररीचे नाव उपसर्ग म्हणून लावण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे.

लायब्ररीतील अंतर्गत उल्लेख तिच्यातच बांधून टाकण्याचा एक पर्याय लिंकर देतो. तो पाहताक्षणी आकर्षक वाटतो, परंतु त्यामुळे एकाच फलनाचा पत्ता दोन ठिकाणी वेगळा येणे, मुख्य आज्ञावलीत प्रत काढलेल्या चलपदाशी लायब्ररीचा संबंध तुटणे, असे नवे दोष उद्भवतात. चिन्हे गुप्त ठेवणे अधिक श्रेयस्कर. आज्ञावली चालू असताना भरलेल्या लायब्ररीची चिन्हे इतरांना न दिसतील असेही करता येते. तथापि तिचे स्वतःचे उल्लेख त्या वेळीही प्रथम सार्वत्रिक क्षेत्रातच शोधले जातात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

चिन्हांची बांधणी हा सुरक्षिततेचाही विषय आहे, हे मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणलेल्या एक्सझेड प्रकरणात दिसून आले. संकोचनाच्या या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत गुप्तपणे घातलेला भाग गतिक लिंकर पत्ते भरीत असतानाच ताबा मिळवून, दूरस्थ प्रवेशाच्या सेवेतील सही तपासण्याशी संबंधित एका चिन्हाचा पत्ता स्वतःकडे वळवीत असे. येथे द्विरुक्त व्याख्या नव्हती. पण नाव व पत्ता यांची गाठ आज्ञावली सुरू होताना घातली जाते आणि त्या क्षणी स्मृतीत असलेल्या कोणत्याही लायब्ररीला तीत हस्तक्षेप करता येतो, ही त्याच रचनेची दुसरी बाजू होय.

निदानासाठी लायब्ररीतील दृश्य चिन्हांची यादी ‘एनएम’ या साधनाने मिळते. दोन लायब्ररींच्या याद्या क्रमवार लावून ताडून पाहिल्यास समान नावे लगेच दिसतात. लिनक्सवरील गतिक लिंकर, विशिष्ट परिसर-चलपद दिल्यास, प्रत्येक चिन्ह कोणत्या फाइलीतून कोणत्या फाइलीशी बांधले गेले याची ओळवार नोंद छापतो. ही नोंद मोठ्या आज्ञावलीत लाखो ओळींची होऊ शकते. म्हणून संशयित चिन्हाच्या नावाने ती गाळून घ्यावी, आणि नवी लायब्ररी जोडण्यापूर्वीची नोंद तुलनेसाठी जपून ठेवावी.